ग्लासभर पाणी मागणारे शेठ

आमच्या शेठना कोणी मोबाइलवर शिवी घातली, की ते काळा कोट चढवून त्या माणसाच्या घरी पाणी प्यायला जात.

ही थट्टा नाही. भिवंडीच्या उन्हात, माणसं बनियनवर दारात बसलेली असताना, काळा कोट, पांढरे हातमोजे आणि काखेत चपटी काळी बॅग असा हा साठी उलटलेला माणूस रिक्षातून उतरायचा, दारावर सावकाश तीनदा टकटक करायचा आणि दार उघडणाऱ्याला हात जोडून म्हणायचा, "तुमी मना कायतरी इचारलंवतं. जबाब द्याला आलोय." उजव्या हाताचा मोजा मात्र आधी काढलेला असे. मोजा घालून नमस्कार करणं त्यांना उर्मटपणाचं वाटे.

शेठ म्हणजे माझे घरमालक. टेमघरला त्यांची दुमजली इमारत आहे. खाली ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी; वर मी एकटा, निवृत्त मास्तर. रस्त्याच्या अंगाला भाड्याचे गाळे. घराणं खाडीकाठचं. वडिलांच्या वेळी भातशेती आणि मासेमारी होती, शेठच्या वेळी जमीन गोदामांखाली गेली आणि घरात पैसा आला. पैसा आलेल्या माणसाने गळ्यात जाड साखळी घालावी, हळदीला मोठा बॅन्ड लावावा, निवडणुकीला उभं राहावं, हे आमच्याकडे समजण्यासारखं आहे. शेठनी यातलं काहीच केलं नाही. त्यांना तरुणपणी मुंबईचा एक म्हातारा पारशी सूतदलाल भेटला, आणि त्याच्या मागे जाऊन ते फ्रीमेसन झाले.

फ्रीमेसन म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडून कळलं ते इतकंच. जुन्या काळच्या दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांची अवजारं समोर ठेवून माणसाने कसं वागावं, याचे धडे घेणारी ही मंडळी. गुण्यासारखं काटकोनात वागायचं, ओळंब्यासारखं सरळ उभं राहायचं. महिन्यातून एकदा जमायचं, विधी करायचे, जेवायचं, गरजूंना मदत करायची. विधींविषयी बाहेर बोलायचं नाही. आणि एक नियम असा, की कोणाला आपणहून आत बोलवायचं नाही. यायचं असेल त्याने स्वतः विचारलं पाहिजे.

त्यांच्या सभेच्या जागेला लॉज म्हणतात. लग्नानंतर शेठ महिन्यातून एकदा नटूनथटून "लॉजवर चाललो" म्हणून निघू लागले, तेव्हा वहिनींच्या मनात काय आलं असेल ते हायवेवरच्या लॉजच्या पाट्या वाचलेल्या माणसाला सांगायला नको. त्यांनी भावाला मागावर पाठवलं. भाऊ मुंबईहून परत आला आणि ओट्यावर मटकन बसला. "ताय, भाऊजी बायामानसाकडं न्हाय गेलं," तो म्हणाला, "त्याच्यापेक्षा इपरीत हाय. आत सगळं म्हातारं बाप्ये कंबरेला फडकी बांधून हुभं हायेत." वहिनी ही गोष्ट हसून सांगत. पुढे शेठच्या त्या मानाच्या पांढऱ्या अॅप्रनला घरात कायम 'फडकं' हाच शब्द राहिला, आणि शेठनीही तो कधी दुरुस्त केला नाही.

ते ओळंबा खरोखर जवळ बाळगत. भाडेकरूच्या घरात गेले आणि भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, की खिशातून दोरीला बांधलेलं पितळी वजन काढून तसबिरीशेजारी धरत आणि ती सरळ करून मगच भाड्याचं बोलत. माझ्या गेलेल्या बायकोचा फोटो त्यांनी असा दोनदा सरळ केला होता. त्यांना देवधर्म व्यवस्थित होता. पण कोणाला रागावताना मी त्यांना पाहिलं नाही, आणि याची कधी कधी भीती वाटे. माणूस रागावला की त्याच्या आत काय आहे ते दिसतं. शेठच्या आतलं काही दिसायचंच नाही.

भिवंडीत राहणाऱ्याला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट ऐकू येत नाही. तो श्वासासारखा चालूच असतो. ऐकू येतो तो शुक्रवारी, सुट्टीला बंद झाल्यावर. शुक्रवारी सकाळी कान एकदम रिकामे होतात आणि एरवी न ऐकलेले आवाज येऊ लागतात. जिन्यावरची पाल, शेजारच्या घरातला खोकला. अशाच एका शुक्रवारी मला खालून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग पुढच्या शुक्रवारी. दर शुक्रवारी, नऊच्या सुमाराला, फरशीवरून लाकडी खुर्ची ओढल्याचा तोच एक लांबट आवाज.

नळाच्या गळतीचं सांगायचं निमित्त करून मी एकदा खाली गेलो. मागच्या खोलीचं दार, जे नेहमी बंद असे, ते अर्धवट उघडं होतं. आत एक टेबल, भिंतीवर घड्याळ, समोरासमोर दोन खुर्च्या आणि पाण्याने भरलेले दोन ग्लास. एका खुर्चीवर शेठ, कोट घालून. दुसरी रिकामी. घड्याळात नऊ वाजले, तसा त्यांनी आपला ग्लास उचलून रिकाम्या खुर्चीकडे धरला, ओठ हलले, आणि ते पाणी प्यायले. समोरचा ग्लास तसाच.

त्यांनी मला पाहिलं होतं. "इचारा की, मास्तर," ते म्हणाले.

मी म्हणालो, "तुमचं गुपित तुमच्यापाशी असू दे, शेठ. माझा नळ तेवढा बघा."

ते हसले, पण थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

शेठच्या वाट्याला मोबाइलची दुनिया फार उशिरा आली, आणि तीही माझ्या हातातून. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. गावच्या बातम्यांचा एक फेसबुक ग्रुप आहे. पाणी कधी येणार, कुठे ट्रक उलटला, असं त्यात असतं. त्यात कोणीतरी शेठचा फोटो टाकला. काळा कोट, हातमोजे, बॅगेवर गुण्या आणि कंपासची खूण. खाली विचारलं होतं, हा माणूस दर महिन्याला कुठे जातो? संध्याकाळपर्यंत उत्तरांची रांग लागली. ही सैतानाची पूजा करणारी टोळी आहे. हे कवटीतून पितात. यांच्या जागेला जुने लोक जादूघर म्हणायचे, ते उगाच नाही. सगळ्या जगाचा कारभार हेच पडद्याआडून चालवतात. जगाचा कारभार चालवणाऱ्या माणसाच्या हातून माझा नळ अजून दुरुस्त झाला नव्हता, पण ते लिहायची मला बुद्धी झाली नाही.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. लॉजमधल्या मित्रांनी सल्ला दिला होता, की लक्ष देऊ नका, बोलणारे आपोआप थकतात. वहिनींचं म्हणणं, पोलिसात जा. शेठनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "शिव्या सोडा," ते म्हणाले. "पन ह्यात सवालबी हायेत ना? मानसानं इचारलं तं जबाब द्याला लागतो. भिताडावर लिवून न्हाय. तोंडासमोर."

मग ठरल्यासारखं झालं. बुधवारी संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळं वाचायचं, काहीही न गाळता. ते दोन दिवस थांबायचे, कारण राग आलाच असेल तर तो तेवढ्यात बसतो असं त्यांचं मत. मग त्या माणसाच्या घरी जायचं. विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. जे सांगायचं नाही ते 'सांगता येनार न्हाय' असं उघड म्हणायचं, खोटं बोलून झाकायचं नाही. आणि सगळ्यात आधी पाणी मागायचं. "ज्याच्या हातचं पानी आपुन पितो," ते म्हणत, "त्याला आपला राग आला तरी आपली भीती वाटत न्हाय."

इथे ते चुकले. पण त्या चुकीत माझा हात होता, आणि मला लिहायचं आहे ते त्याविषयी.

लिहिणारे बहुतेक खोट्या नावांनी लिहीत. 'भिवंडीचा वाघ', 'सत्यशोधक' वगैरे. पहिल्याच बुधवारी शेठनी विचारलं, "ह्यो कोन बोलतो?" मी हसलो. मी या गावात आयुष्यभर मराठी शिकवलं. निम्म्या गावाचे निबंध तपासले. मुलगा मोठा होतो, मिशा येतात, पोट सुटतं, पण त्याच्या लिहिण्याची चाल बदलत नाही. कवटीचा प्रश्न विचारणाऱ्या वाघाने आधी स्वतःचंच म्हणणं खोडून काढलं होतं आणि मग शेवटी निर्णय वाचकांवर सोपवला होता. असा निबंध माझ्या वर्गात एकच मुलगा लिहायचा. दिघाशीचा निलेश. आता एका गोदामात शिफ्टवर सुपरवायझर आहे.

"वळखलात?" शेठ चकित झाले. मग म्हणाले, "त्यानं इचारलं का मना कसं समजलं, तं तुमचं नाव घेऊ?"

मी नको म्हणालो. रस्त्यात ही मुलं अजून माझ्या पाया पडतात. मी त्यांची नावं सांगतो हे कळलं तर कोण पडणार? मी हे त्यांना थोडं सजवून सांगितलं, पण मतलब तोच होता. शेठनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग न्हाय घेनार." एवढंच. मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं आहे.

दिघाशीला मी त्यांच्याबरोबर गेलो, पण रिक्षातच बसून राहिलो, लांब, एका झाडाआड. शुक्रवारच होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. काळा कोट घातलेला तो माणूस बांधावरून चालत निलेशच्या घराकडे गेला आणि त्याने दार ठोठावलं, ते मला तिथपर्यंत ऐकू आलं. निलेश बाहेर आला. शेठनी काय सांगितलं ते त्यांनी परत येऊन सांगितलं. "त्याला म्हनलं, न्हाय बाबा, कवटीतून न्हाय पित. ग्लासातून पितो. हाय का येक?" मी खूप हसलो. पण मी लांबून पाहिलं होतं ते वेगळं होतं. पाणी देताना निलेशचा हात इतका कापत होता, की अर्धा ग्लास शेठच्या कोटावर सांडला. आणि शेठ निघताना तो काहीतरी विचारत होता, परत परत. काय ते मला माहीत होतं. तुम्हाला कसं कळलं? आणि शेठ जे उत्तर देत होते तेही माहीत होतं. सांगता येनार न्हाय.

त्यांनी अशी बरीच घरं केली. लोक घाबरून पाणी देत, माफी मागत, कोणी चहासुद्धा पाजत. कवटी, सैतान, जग हे सगळं मागे पडलं, कारण या प्रश्नांची उत्तरं त्यांनी खरंच दिली होती. त्याऐवजी एक नवा प्रश्न उभा राहिला आणि तो सगळ्यांत भयंकर होता. नाव बदलून, फोटो न लावता, आपल्या खोलीत दार लावून लिहिलं तरी या माणसाला कळतं कसं? चहाच्या टपरीवर एक लूम कामगार मला आवाज खाली आणून म्हणाला, "मास्टरजी, आपके सेठ को मोबाइल के अंदर बैठा आदमी दिखता है." मी चहा प्यायलो. शेजारचा म्हणाला, "अरे, दिसतं म्हणजे काय, माझ्या मेहुण्याच्या दारात आला होता ना. मेहुणा त्या दिवसापासून फोन उलटा ठेवून झोपतो." तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की अरे बाबांनो, त्यांना काही दिसत नाही, ते मी सांगतो. एका वाक्याचं काम होतं. मी दुसरा चहा सांगितला.

हळूहळू गाळ्यांतले भाडेकरू जाऊ लागले. उंबऱ्यावर लिंबू, काळी बाहुली असं काही सापडू लागलं. शेठ लिंबू उचलून बघत आणि वहिनींना म्हणत, "चांगला हाय गं, सरबत कर." वहिनी हसत नसत. गल्लीत कोणाच्याही दारावर कोणी सावकाश टकटक केली तर आतून पटकन उत्तर येईनासं झालं. लोक हाका मारून आत जाऊ लागले.

मग एक दिवस औषधाच्या दुकानात निलेश भेटला. पाया पडला आणि वर बघून म्हणाला, "सर, राग नका धरू. पण आम्ही विचार केला, ते ज्यांच्या घरी गेले ते सगळे आपल्या शाळेचे. तुम्ही त्यांच्याकडेच राहता. तुम्ही तर नाही ना सांगत?"

मी म्हणालो, "मी? मला यातलं काय कळतं?" आणि हे पुरलं नाही असं वाटून पुढे म्हणालो, "त्यांच्या मागच्या खोलीत काय आहे ते विचारा जाऊन."

घरी आलो. मुलांचा संशय माझ्यावरून उठला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मी एक खोटं नाव घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं: 'त्यांच्या मागच्या खोलीत एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. दर शुक्रवारी नऊ वाजता ते तिला पाणी देतात. त्या खुर्चीत कोण बसतं, हे त्यांना विचारा. तोच त्यांना नावं सांगतो.' माझी चाल ओळखू येऊ नये म्हणून वाक्यं तोडून लिहिली. गावाने ते किती ठिकाणी पुढे पाठवलं ते मी बघितलं नाही.

त्या बुधवारी मी सगळं वाचलं. ते एक गाळलं.

श्रावण होता. नारळी पौर्णिमेला खाडीत पहिला नारळ सोडायचा मान शेठच्या घराण्याचा. गोदामं आली, होड्या गेल्या, तरी तो मान त्यांनी सोडला नव्हता. त्या एका दिवशी ते कोट घालत नसत. पांढरं धोतर आणि टोपी. गाळे रिकामे झाल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण या नारळासाठी ते आधीपासून तयारी करत, नारळ स्वतः निवडत, कानाशी हलवून बघत.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गावकीची चार माणसं आली. पुढे तात्या, शेठचे चुलतभाऊ. मी तिथेच बसलेलो होतो, उठून जायला निघालो तर शेठ म्हणाले, "बसा मास्तर, तुमी काय परके हाव?"

तात्यांनी फार वेळ भाताचं बोलून घेतलं. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "दादा, वाईट नको वाटून घेऊ. लोकं बोलतान. बाया पोरांना घेऊन खाडीवर याला तयार न्हाईत. तू दोन गोष्टी सांगून टाक, आमी लोकांची तोंडं बंद करतू. त्या खुर्चीवर कोन बसतं? आनि तुला नावं कोन सांगतं?"

"कंची खुर्ची?" शेठनी विचारलं.

तात्यांनी आपला फोन काढून मी लिहिलेलं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

शेठ ऐकत होते, डोळे मिटून, बुधवारी ऐकत तसे. मग त्यांनी डोळे उघडले. त्या खोलीत माणसं थोडी होती. त्यांनी तात्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, वहिनींकडे, टीव्हीकडे. माझ्याकडे तेवढं बघितलं नाही. ती खुर्ची वहिनींशिवाय एकाच माणसाने पाहिलेली होती आणि तेवढाच एक मजकूर त्या माणसाने वाचून दाखवला नव्हता.

"खुर्चीवर कोनी बसत न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "आमच्यात नऊ वाजता, घड्याळाचं काटं गुन्यासारखं झालं, का जो हजर न्हाय त्याची याद काढतान. ते रातचं असतं. पन रातचं टीव्हीवर हिची शिरेल असते, म्हनून मी सकाळी करतो."

कोणी हसलं नाही.

"आनि नावं?" तात्या म्हणाले. "येवढंच सांग दादा. उद्याचा नारळ तुझाच. मी सोता तुला घ्याला येतू."

पंखा फिरत होता. शेठनी छातीवर हात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच.

"ते सांगता येनार न्हाय," ते म्हणाले.

तात्या उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "मंग तू उद्या येऊ नको, दादा."

मी तिथे बसून होतो. मी मराठीचा मास्तर. मी उठलो आणि जिना चढून वर आलो.

तरी शेठ खाडीवर गेले. धोतर नाही, काळा कोट घालून, आणि पायऱ्यांच्या एका कडेला सगळ्यांच्या मागे उभे राहिले. त्यांच्याभोवती मोकळी जागा पडली. तात्यांच्या मुलाने नारळ पाण्यात सोडला. बायकांनी गाणं सुरू केलं. भरती चढत होती, आणि पाण्याची ओढ काठाकडे होती, कारण एवढंच. पण नारळ पुढे जाईना. तो थोडा फिरला, मागे वळला, काठाच्या कडेकडेने येत राहिला आणि शेठ उभे होते त्या पायरीला येऊन लागला. टक, टक असा आवाज करत. गाणं थांबलं.

शेठ वाकले. उजव्या हाताचा मोजा काढला, नारळाला नमस्कार केला आणि हलकेच तो आत ढकलला. या वेळी तो गेला. बायकांनी पोरांना पदराआड ओढलं. तो क्षण बहुतेकांच्या फोनमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर टकटक झाली. सावकाश, तीनदा.

शेठ कधीच माझं दार वाजवत नसत. जिन्याखालून "मास्तर" अशी हाक मारत. निलेशचा हात का कापत होता ते मला त्या दिवशी कळलं. दार उघडलं. काळा कोट, एक हात उघडा.

"पानी मिळल काय?" ते म्हणाले.

मी दिलं. ते बसून प्यायले. सगळं. मग म्हणाले, "ती खुर्ची जो अजून आला न्हाय त्याच्यासाठी हाय. त्यानं इचारलं असतं तं मी सांगितलं असतं. आमी सोता कुनाला बोलवत न्हाय." मग त्यांनी विचारलं, "अजून काय इचारायचं हाय?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी ग्लास मोरीवर नेऊन विसळला, पालथा ठेवला. जाताना माझ्या बायकोचा फोटो ओळंबा न लावताच हाताने सरळ केला. पुढच्या बुधवारी ते म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या वाचायचं." त्यानंतर आम्ही पावसाचं बोललो, गळणाऱ्या नळाचं बोललो. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. वहिनींनासुद्धा नाही.

थंडीत ते झोपेतच गेले. तिरडी धरायला नात्यातली मोजकी माणसं, आणि मी. निघायच्या वेळी मुंबईहून दोन गाड्या आल्या. काळ्या कोटातले, पांढऱ्या मोज्यांचे म्हातारे उतरले, एक शब्द न बोलता रांगेने आले आणि प्रत्येकाने शेठच्या छातीवर हिरव्या पानांची एक डहाळी ठेवली. गॅलऱ्यांमध्ये फोन वर झाले. रात्री ग्रुपवर तेच. डहाळी कसली, मंत्र कोणता, आता आत्मा कुठे जाईल. मी ते सगळं वाचलं, काहीही न गाळता. वाचून दाखवायला कोणी नव्हतं.

हे लिहून झालं की मी त्याच ग्रुपवर माझ्या नावाने टाकणार आहे. शेठना मोबाइलमधलं काही दिसत नव्हतं. नावं मी सांगत होतो. खुर्चीचं मी लिहिलं. लोक म्हणत होते की हा माणूस काहीतरी लपवतो, ते खरं होतं. ते मला लपवत होते. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांच्या घरी मी येईन. मी टकटक केली तर घाबरू नका.

पण त्याआधी एक घर करायचं होतं. ते गेल्या शुक्रवारी झालं.

शेठ गेल्यानंतर मी शुक्रवारी सकाळी रेडिओ मोठ्याने लावून बसत असे. गेल्या शुक्रवारी वीज गेली. लूम बंद, रेडिओ बंद. आणि नऊच्या सुमाराला खालून आवाज आला. फरशीवरून लाकडी खुर्ची ओढल्याचा, लांबट. मी कॉटवर बसून राहिलो. मग आणखी एकदा. दुसरी खुर्ची.

मी जिना उतरलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी तीनदा टकटक केली. का, ते मला माहीत नाही.

"या की मास्तर," आतून वहिनी म्हणाल्या. "उघडंच हाय."

त्या एकट्याच होत्या. हातात शेठचं फडकं होतं; त्यांनी पहिल्यांदाच ते कपाटातून काढलं असावं. ते त्यांनी शेठच्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवलं. समोर दुसरी खुर्ची. "त्यांचं ऱ्हायलं तं मी करते," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते मना म्हाईत न्हाय. पानी ठेवते नुस्तं." मग त्या दुसऱ्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या, "ही तुमची. ते बोलायचं, मास्तर कवातरी इचारील, मंग त्याला हितं बसवीन. लई वाट बगली त्यांनी."

मी दारातच उभा होतो.

"येक इचारू?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज साधाच होता. "तुमाला तं सगळ्या पोरांचं लिवनं वळखू यायचं. ह्या खुर्चीचं कुनी लिवलंवतं वो?"

भिंतीवरचे काटे गुण्यासारखे झाले होते. बाहेर भिवंडी इतकी गप्प होती, की घड्याळाच्या आतलं चाक फिरताना ऐकू येत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "आधी पाणी द्या."

त्या थांबल्या. इतकी वर्षं त्यांनी शेठना कोट घालून पाणी मागायला जाताना पाहिलं होतं. पाणी मागणारा माणूस कशासाठी आलेला असतो, हे त्यांना कोणी समजावायला नको होतं. त्यांनी तांब्यातून ग्लास भरला.

तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. रिकाम्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवला आणि माझ्या बसण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.